एका समाजाचे कोलेस्टेरॉल

मुंबईत पश्चिम रेल्वेत डॉक्टर असलेल्या एस. एल. मल्होत्रा यांचा एक लेख १९६७ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. रेल्वेचे कर्मचारी देशभर पसरलेले आणि त्यांच्या आजारपणाच्या, मृत्यूच्या नोंदी बऱ्यापैकी एका पद्धतीने ठेवलेल्या. त्या चाळताना मल्होत्रांना दिसले की हृदयविकाराने होणारे मृत्यू दक्षिणेत उत्तरेच्या सुमारे सातपट आहेत. गंमत अशी, की उत्तरेतली मंडळी दक्षिणेतल्यांपेक्षा कितीतरी जास्त स्निग्ध पदार्थ खात होती आणि त्यातही दूध-तुपाचा वाटा मोठा होता. तुपाची बाजू लढवणारे हा लेख आजही बाहेर काढतात.

पण तो एका काळाचा फोटो आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ‘इंडियाब’ सर्वेक्षण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले ते पंजाबात, निम्म्याहून अधिक प्रौढांमध्ये. रक्तदाब आणि हृदयविकाराचे मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून नकाशा उलटला असे म्हणणे घाईचे होईल. मात्र साठच्या दशकात ज्या प्रदेशाला निर्धास्त समजले गेले तो आता निर्धास्त राहिलेला नाही, एवढे खरे. तिथल्या माणसांची जनुके काही दोन पिढ्यांत बदललेली नाहीत. मग नेमके काय बदलते, किती वेगाने बदलते आणि ते कोण बदलते, हा या आढाव्याचा विषय.

‘जोखीम घटक’ ही कल्पनाच तशी अलीकडची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा पुन्हा तपासले गेले. त्याआधी तीनच वर्षे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले होते. त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता आणि डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. वयानुसार रक्तदाब वाढणारच, अशी तेव्हाची समजूत होती. १९६१ च्या सुमारास फ्रेमिंगहॅमच्या आकड्यांतून दिसू लागले की वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल झटक्याच्या कितीतरी आधी हजर असतात. धूम्रपानाचे नाव लगोलग त्यात जोडले गेले. हे सगळे एकेका माणसाबद्दलचे ज्ञान होते. कोणाला झटका येईल, हा प्रश्न त्याने सोडवला.

दुसरा प्रश्न विचारला लंडनच्या जेफ्री रोझ यांनी. १९८५ साली त्यांनी केनियातले भटके पशुपालक आणि लंडनमधले सरकारी नोकर यांच्या रक्तदाबाचे आलेख शेजारी ठेवले. लंडनचा अख्खा आलेखच उजवीकडे सरकलेला होता. तिथे काही आजारी माणसे आहेत आणि बाकीचे ठणठणीत, असे ते चित्र नव्हते. लंडनमध्ये ज्याला ‘नॉर्मल’ म्हणत, तो केनियात जास्त ठरला असता. रोझ यांचे पुढचे गणित अधिक अस्वस्थ करणारे आहे. ज्यांचा धोका खूप मोठा असतो अशी माणसे मुळात थोडी असतात. त्यामुळे एकूण झटक्यांपैकी बरेचसे येतात ते मधल्या, थोडासाच धोका असलेल्या प्रचंड गर्दीतून. म्हणून सबंध समाजाचा सरासरी रक्तदाब दोन-चार अंकांनी उतरला तर जे साधते ते निवडक रुग्णांना शोधून औषध दिल्याने साधत नाही. डॉक्टरांना हे पटवणे कठीण, कारण डॉक्टरसमोर माणूस बसलेला असतो, आलेख नाही.

हा विचार कागदावर येण्याआधीच एका ठिकाणी तो अमलात आला होता. फिनलंडचा उत्तर कारेलिया प्रांत रशियाच्या सीमेला लागून आहे. लाकूडतोड आणि दुभती जनावरे हीच तिथली उपजीविका. १९७० च्या आसपास ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांत हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वर्षाला दर लाखामागे सातशेच्या घरात होती, म्हणजे जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांत. अन्सेल कीज यांच्या ‘सात देशांच्या अभ्यासा’तही पूर्व फिनलंड सर्वांत वर होते. घरटी कोणी तरी तरणाबांड माणूस गेलेला. १९७१ च्या जानेवारीत गव्हर्नरांच्या पुढाकाराने प्रांतातल्या लोकप्रतिनिधींनी थेट सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काही तरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. त्याची धुरा होती पेक्का पुस्का या विशीतल्या डॉक्टरकडे.

लोक पावावर लोणी जाड थापत, कॉफीही दूध-सायीसह घेत आणि भाज्या जेमतेम खात. लोण्याचे वेड केवळ चवीचे नव्हते. युद्धानंतर विस्थापितांना जमिनी मिळाल्या, त्यांवर गाई पाळल्या गेल्या आणि लोणी हे सुबत्तेचे चिन्ह बनले. पुस्कांच्या चमूने ‘लोणी सोडा’ एवढेच सांगितले असते तर गावाने त्यांना हाकलून दिले असते. त्यांनी ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेला हाताशी धरले. गावोगाव नेहमीच्याच पारंपरिक पदार्थांत लोणी कमी, भाजी जास्त घालून संध्याकाळच्या पंगती झाल्या. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लागल्या आणि टीव्हीवर सिगारेट सोडणाऱ्यांचे कार्यक्रम आले. त्याचबरोबर कायदाही हलला. १९७६ मध्ये तंबाखूविरोधी कायदा झाला आणि तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. लोण्यात तेल मिसळून विकायला परवानगी मिळाली आणि थंड हवेत येणाऱ्या मोहरीवर्गीय तेलबियांचे वाण रुजले. दुग्धव्यवसायाने आरडाओरडा केला, तेव्हा शेतकऱ्यांना बेरीवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळवण्याचा उद्योगही झाला. मला या सगळ्या हकिगतीत हा शेवटचा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याचे पोट दुधावर आहे त्याला दुसरे पीक दिल्याशिवाय आहारशास्त्र शिकवू नये, हे त्यांना कळले होते.

१९७२ मध्ये तिथल्या पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे ६.९ मिलिमोल होते, आपल्या मिलिग्रॅमच्या हिशेबात जवळजवळ २६७. २००७ मध्ये ते ५.४ म्हणजे २०९ वर आले. धूम्रपान ५२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर उतरले आणि वरचा रक्तदाब १४९ वरून १३८ वर. काम करणाऱ्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू चार दशकांत ८० टक्क्यांहून जास्त घटले. संशोधकांच्या हिशेबाने यातला मोठा भाग या तीन घटकांच्याच घसरणीने समजावता येतो.

कौतुक करताना दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत ठेवला होता आणि तिथेही पहिल्या काही वर्षांनंतर घट जवळपास तेवढीच झाली. टीकाकार म्हणाले, मग प्रकल्पाने काय केले? पुस्कांचे उत्तर असे की टीव्ही, कायदा आणि दुकानातला माल काही प्रांताची सीमा पाहून थांबत नाही. प्रयोग म्हणून हे कच्चे राहिले, देशाच्या दृष्टीने ते यशच होते. दुसरी गोष्ट अशी की २००७ ते २०१२ च्या दरम्यान फिनलंडमध्ये कोलेस्टेरॉल पुन्हा वर सरकले. कर्बोदके टाळून लोणी-मलई खाण्याची लाट त्याच काळात तिथे आली होती. पुरुषांची वजने तर या साऱ्या काळात वाढतच होती.

औषधोपचाराचे श्रेय किती आणि राहणीचे किती, या भांडणाचा हिशेब सायमन केपवेल आणि सहकाऱ्यांच्या ‘इम्पॅक्ट’ पद्धतीने मांडला गेला. अमेरिकेत १९८० ते २००० या काळात हृदयविकाराचा मृत्युदर निम्म्यावर आला. त्यातला सुमारे ४७ टक्के वाटा उपचारांचा आणि ४४ टक्के जोखीम घटकांचा निघाला. इंग्लंड-वेल्समध्ये घटकांचे पारडे जड होते, ५८ टक्के, आणि त्यात सर्वांत मोठे श्रेय सिगारेट सुटण्याचे. अमेरिकेच्या ताळेबंदात मात्र खर्चाची बाजूही आहे. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांनी जी कमाई केली, तिच्यातले काही वाढत्या वजनाने आणि मधुमेहाने परत नेले. वजनाने ८ टक्के, मधुमेहाने १० टक्के. हे सगळे घटक एकत्र उतरलेत असा समाज निदान मला तरी आढळलेला नाही.

उलट्या दिशेचे उदाहरण बीजिंगचे. १९८४ ते १९९९ या पंधरा वर्षांत तिथे सरासरी कोलेस्टेरॉल ४.३ वरून ५.३३ वर गेले, म्हणजे आपल्या १६६ वरून २०६ वर. हृदयविकाराचे मृत्यू पुरुषांत ५० टक्क्यांनी वाढले आणि वाढीव मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या कोलेस्टेरॉलच्या खाती पडले. उपचार त्या काळात सुधारलेच होते, तरी हा निकाल. पोलंडमध्ये मात्र १९९१ नंतर हृदयविकाराचा मृत्युदर अचानक उतरू लागला. तिथे आरोग्य खात्याची मोठी मोहीम वगैरे काही नव्हती. समाजवादी राजवट गेली, लोणी आणि चरबीवरचे सरकारी अनुदान गेले, दुकानांत वनस्पती तेले स्वस्त झाली आणि बाहेरची फळे आली. क्युबाची गोष्ट तर कोणी अनुकरण करावे अशी नाही. सोव्हिएत मदत बंद पडल्यावर १९९१ ते १९९५ मध्ये अन्नाचा आणि इंधनाचा तुटवडा झाला, लोक सायकलवर आले आणि माणशी सरासरी पाच-साडेपाच किलो वजन उतरले. मागोमाग मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे मृत्यू घटले. अर्थव्यवस्था सावरली तसे वजन परतले आणि मधुमेहही परतला.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र मॉरिशसचे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. बेटाची दोनतृतीयांश वस्ती भारतीय वंशाची आहे. १९८७ मध्ये तिथे सर्वेक्षण झाले, तेव्हा मधुमेह आणि हृदयविकाराचे आकडे पाहून सरकार हादरले. रेशनवर जे खाद्यतेल मिळे ते मुख्यतः पामतेल होते. सरकारने त्याऐवजी बहुतांशी सोयाबीनचे तेल आणले. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ वर, म्हणजे २१३ वरून १८२ वर उतरले होते. पुरुषांतले धूम्रपान ५८ टक्क्यांवरून ४७ वर आले आणि दारू बेताबाहेर पिणारेही खूप घटले. मात्र वजने वाढली आणि मधुमेह होता तिथेच राहिला. पाच वर्षांत एवढी घसरण व्याख्यानांनी होत नाही. बहुतेकांना कढईतले तेल बदलल्याचे फारसे जाणवलेही नसेल.

इकडे महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ निघाला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. सणासुदीच्या एका लिटरने कोणाच्या रक्तवाहिन्या तुंबणार नाहीत, आणि गरिबाच्या दिवाळीवर नाक मुरडण्याचा हक्क कोणाला नाही. पण स्वस्तात स्वस्त तेल कोणते, हे त्या पिशवीने नेमके सांगितले. पामतेलात संपृक्त मेद जवळजवळ निम्मा असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात आयात खुली झाल्यापासून ते फरसाणवाल्याच्या कढईत, बिस्किटांत आणि वडापावच्या गाडीवर स्थिरावले. शेंगदाणा आणि करडई मागे पडली. लाकडी घाण्याचे तेल आता शहरी मध्यमवर्गाच्या हौसेची वस्तू झाली आहे. आपल्याकडे तेलाबाबतचा एक चांगला निर्णय झालेला आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. वनस्पती तुपातून येणाऱ्या ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. डेन्मार्कने ती २००३ मध्येच घातली होती. १९३७ पासून घराघरांत डालड्याचे डबे होते, हे ध्यानात घेता उशीर बराच झाला, पण झाले.

भारतातला बदल आकड्यांत पकडणे अवघड, कारण तेच ठिकाण तीच पद्धत वापरून पुन्हा मोजल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातले एक दिल्ली आणि हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांचे. १९९१-९४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ श्रीनाथ रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली पहिली फेरी झाली आणि २०१०-१२ मध्ये दुसरी. शहरात उच्च रक्तदाब २३ टक्क्यांवरून ४२ वर गेला, गावात ११ वरून २९ वर. म्हणजे वीस वर्षांनी खेडे त्या वेळच्या शहराच्याही पुढे निघाले. चेन्नईत १९८९ मध्ये प्रौढांतला मधुमेह ८.३ टक्के होता, २००४ मध्ये १४.३ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जास्त वजनाच्या स्त्रिया १९९८-९९ मध्ये १०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. आणि ‘इंडियाब’च्या हिशेबात देशात मधुमेह असलेले लोक १० कोटींवर, राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के.

एकूण मृत्यूंमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. वापरताना एक विसरू नये: जुलाब, क्षय, बाळंतपण यांतले मृत्यू घटले की उरलेल्यांचा टक्का आपोआप वाढतो. वाढ खोटी नाही, पण सगळी वाढ म्हणजे आपल्या जिभेचे पाप नाही.

पुण्याचे काम इथे वेगळे उभे राहते. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. गावातल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला हडकुळे आणि आतून चरबीदार. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आपला आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. त्यामुळे आपल्याकडे ‘वजन वाढले’ हे युरोपच्या मापाने कळत नाही. ते कळेपर्यंत साखर वाढलेली असते. धोका पोटातल्या बाळाला आईच्या उपासमारीतून मिळतो आणि मग शहराच्या पोटभर जेवणात फळतो, असे याज्ञिकांच्या कामातून दिसते. आजचा पन्नाशीचा रुग्ण १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेला आहे, हे लक्षात घेतले की जोखमीचा आलेख केवळ चालू आहाराचा राहत नाही.

तंबाखूची कथा त्यातल्या त्यात बरी. प्रौढांमधले एकूण सेवन २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २८.६ टक्के. महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ वर आले. पण आपल्याकडे ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि चघळणारे-घासणारे २४.४ टक्के. गाय छाप, खर्रा, मिशरी हा आपला तंबाखू, आणि त्याने तोंडाचा कर्करोग होतो एवढेच लोकांना माहीत. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली आणि बिडी ओढणाऱ्यांमध्ये जवळपास तिप्पट. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर पुडी सुपारीची वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

जोखीम आणि मृत्यू यांची चाल नेहमी एकच नसते. सतरा देशांतल्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवले की जोखीम घटकांची बेरीज श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि गरीब देशांत सर्वांत कमी आहे. तरीही झटका-पक्षाघात गाठल्यावर मरण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के आणि गरीब देशांत १७ टक्के. त्या गरीब देशांत भारतही मोजला होता. रोझ यांचा समाज बदलण्याचा मार्ग मला मान्य आहे, पण तालुक्याच्या गावी रक्तदाबाची गोळी दर महिन्याला मिळणे हाही समाजाचाच बदल आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जिल्हेही पहिल्या तुकडीत होते. ठरलेली दोन-तीन साधी औषधे, प्राथमिक केंद्रात साठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढाच त्याचा मसाला. त्यातून नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब ताब्यात आल्याचे दिसले.

आपल्याला ठोस काय कमी पडते, हे या सगळ्यातून उघड होते. फिनलंडने दर पाच वर्षांनी त्याच वयोगटांचे, त्याच पद्धतीने रक्त तपासले, म्हणून २०१२ मध्ये कोलेस्टेरॉल उलटे फिरल्याचे लगेच कळले. ‘इंडियाब’ हे मोठे काम आहे, पण ते २००८ ते २०२० या काळात राज्याराज्यांनी पुढे सरकत पुरे झाले. त्यामुळे तो चढ-उताराचा आलेख ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ पासून रक्तदाब आणि साखर मोजायला सुरुवात केली, पण कोलेस्टेरॉल मोजले नाही. बोटातून रक्ताचा थेंब तर त्यात घेतलाच जातो. देशातले तेल गेल्या तीस वर्षांत बदलले, तर त्याचे माप त्याच थेंबात घेण्याची तजवीज पुढच्या फेरीत व्हायला हवी, मग थोडा खर्च वाढला तरी चालेल.